लहानपणी कोणी काही सांगितलं होतं का

"बचपन में किसी डॉक्टर ने कुछ बताया था क्या? दिल के बारे में?" कॅथलॅबच्या दारापाशी स्ट्रेचर थांबवून डॉक्टरबाईंनी विचारलं. हातातल्या फॉर्मवर पेन टेकवलेलं होतं. प्रश्न दीक्षाला होता, पण दीक्षाने उशीवरची मान वळवून बापाकडे पाहिलं. लहानपणचं आईबापालाच ठाऊक असतं, आणि आई तर तीन वर्षांपूर्वी गेली. "नाही मॅडम," जानराव म्हणाला. मग हिंदीत, "नहीं, कभी नहीं." एकदा विचारलेल्याचं दोनदा उत्तर दिलं. दीक्षा हिरव्या टोपीखालून हसली. "मैं तो रनर थी मॅडम. बाबा सवेरे पाँच बजे ग्राउंड पे ले जाते थे." डॉक्टरबाई "अरे वा" म्हणाल्या, फॉर्मवरच्या चौकोनात एक बारीक खूण केली, आणि स्ट्रेचर आत गेलं. दार आपोआप मिटत आलं, मध्येच जरा अडलं, मग मिटलं.

जानराव तिथंच उभा राहिला. खोटं बोलायचं असं त्याने ठरवलं नव्हतं. ठरवायला वेळच कुठे मिळाला? प्रश्न संपायच्या आत उत्तर बाहेर पडलं होतं, चोवीस वर्षं ते जिभेखाली तयार बसल्यासारखं. एवढ्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं, इतकंच. आता विचारलं, आणि ते किती सहज निघालं, किती गुळगुळीत! त्या सहजपणाचीच त्याला भीती वाटली. दार ढकलून आत जावं, म्हणावं, मॅडम, थांबा, ती खूण पुसा. पण दारावर लाल दिवा लागला होता. "बाबा, बसा ना," जावई म्हणाला. अमरदीप. चरोद्याच्या रेल्वे यार्डात नोकरीला असलेला, बोलायला हळू, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला. "पाऊण घंटा लागन म्हणते. चाय आणू का?" जानरावाने मानेनेच नको म्हटलं आणि बसला. बाक थंड होता. पलीकडच्या खिडकीतून हायवे दिसत होता, त्याच्यावरून लोखंडाच्या पट्ट्या लादलेले ट्रक जात होते, आणि फार लांब, धुरकट, पोलादाच्या प्लांटच्या चिमण्या. छत्तीस वर्षं त्या चिमण्यांखाली काढली. इन्स्ट्रुमेंट विभागात, गॅसच्या लाइनींवरचे प्रेशर गेज तपासत.

म्हणूनच परवा डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा त्याला चटकन कळलं होतं. हृदयाचे चार कप्पे, वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला जन्मापासून भोक. डावीकडचं रक्त त्या भोकातून उजवीकडे येतं आणि फुफ्फुसात जातं. दर ठोक्याला गरजेपेक्षा जास्त, दुप्पट. पाच वर्षं, दहा वर्षं, तीस वर्षं. फुफ्फुसातल्या बारीक नळ्या तो भार सोसतात, मग जाड होतात, कडक होतात, आणि आतलं प्रेशर चढत जातं. दोन वर्षं ज्याला सगळे दमा म्हणत होते, ज्याच्यासाठी दीक्षा पर्समध्ये पंप घेऊन फिरत होती, ते हे होतं. मागच्या महिन्यात वैशाली नगरातल्या तिच्या शाळेच्या जिन्यात ती चक्कर येऊन पडली, वह्यांचा गठ्ठा पायरीपायरीने खाली आला, तेव्हा कुठे हृदयाची सोनोग्राफी, एको, झाली आणि भोक दिसलं. पण एकोमध्ये प्रेशरचा फक्त अंदाज येतो, डॉक्टरबाई म्हणाल्या. खरं किती आहे ते आत जाऊनच मोजावं लागतं. मांडीच्या शिरेतून एक बारीक लांब नळी हृदयाच्या उजव्या बाजूला न्यायची, तिथून फुफ्फुसाच्या धमनीत. मग ऑक्सिजन आणि एक गॅस हुंगायला देऊन पाहायचं, प्रेशर उतरतं का. उतरलं, तर नळ्या अजून मऊ आहेत. भोक छत्रीसारख्या झाकणाने बंद करता येईल. नाही उतरलं, तर बंद करणंच धोक्याचं. "मतलब मॅडम," जानराव म्हणाला होता, "आगे की लाइन सख्त हो गई, तो पीछे का रास्ता बंद करने से लोड सीधा दिल पे आएगा." "बिल्कुल सही," त्या म्हणाल्या होत्या, "आप तो इंजीनियर हैं." आणि त्याने दीक्षाकडे पाहिलं होतं. अभिमानाने! आपल्याला समजलं, अमरदीपला दोनदा सांगावं लागलं, म्हणून. दीक्षा त्याच्याकडे पाहत नव्हती. ती चित्राकडे पाहत होती. तिने एकच विचारलं होतं, "मॅडम, बच्चा?" पाच वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं, त्यानंतर तिने घरात कधी तो शब्द काढला नव्हता, आणि इथे एका परक्या टेबलासमोर काढला. "पहले रीडिंग देखते हैं," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

रीडिंग. आता आत ती नळी सरकत असेल. दीक्षाला गुंगी देणार नव्हते, फक्त मांडीपाशी सुन्न करणार होते. म्हणजे ती जागी असेल, छताकडे पाहत असेल. लहानपणीही इंजेक्शन घेताना ती डोळे मिटत नसे. त्या दिवशीही नव्हते मिटले, त्या म्हाताऱ्या डॉक्टरने तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा. रायपूर राजधानी होऊन राज्य नवीन झालं ते वर्ष. दीक्षा दहाची. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या शाळेत तपासणी होती, मुलींची रांग होती, आणि पालकांपैकी जानराव एकटाच, फर्स्ट शिफ्ट करून तसाच आलेला, बुटांवर प्लांटची धूळ. डॉक्टरने स्टेथोस्कोपचं टोक तळहातावर घासून गरम केलं, हे त्याला अजून दिसत होतं. त्या माणसाच्या कानांत पांढरे केस होते. बाकीच्या मुलींना एकेक मिनिट. दीक्षाला पाच. समोरून ऐकलं, पाठीवरून ऐकलं, श्वास रोखायला लावून ऐकलं, मग डोळे मिटून ऐकलं. मग त्याने चिठ्ठी लिहिली आणि जानरावाला बाजूला घेतलं. रायपूरला नेऊन एको करवून घ्या. छोटा छेद असू शकतो. घाबरू नका, हा बरा होतो. तोपर्यंत पळवू नका. जानरावाला त्यातलं 'बरा होतो' तेवढं नीट ऐकू आलं. आणि 'पळवू नका' हे इतकं स्पष्ट ऐकू आलं की त्याने ते लगेच दुसरीकडे कुठेतरी ठेवून दिलं.

कारण पंधरा दिवसांवर निवड होती. नवं राज्य, त्याची पहिली टीम. दीक्षा तिच्या वयाच्या पोरींमध्ये सगळ्यांच्या पुढे होती, ग्राउंडवर लोक थांबून पाहत. जानरावही त्याच ग्राउंडवर पळालेला होता. त्याचा बाप भंडाऱ्याकडून आला तो प्लांटचे पाये खोदायला. सेक्टर बनले, शाळा बनल्या, आणि त्या शाळेतून जानराव अनवाणी पळाला, दोन वर्षं पहिला आला. तिसऱ्या वर्षी बाहेरगावी जाणाऱ्या टीमची यादी फळ्यावर लागली, तिच्यात त्याचं नाव नव्हतं. मागे राहिलेल्या तिघांची होती. का नव्हतं ते कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची हिंमत त्या वेळी घरात कोणाची नव्हती. बाप म्हणाला, आयटीआय कर. त्याने केली. पण ती यादी त्याच्या आत कुठेतरी लागलेलीच राहिली, खडूने लिहिलेली. तिच्यात दीक्षा जानराव एवढं लिहिलं जायला हवं होतं, एवढंच. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. बायकोला, भीमाबाईलाही त्याने कधी सांगितलं नाही.

भीमाबाईने चिठ्ठी पाहिली होती. "कदी नेता रायपूरले?" ती रोज विचारे. म्हणून त्याने नेलं. हेच सर्वांत वाईट होतं, की त्याने नेलं. एका गुरुवारी सुट्टी टाकून, दीक्षाच्या दोन वेण्या घालून, सकाळच्या लोकलने. दवाखान्यात नंबर सत्तेचाळीस. मशीन दुपारनंतर चालू होईल, बसून राहा. दीक्षा बाकावर पाय हलवत बसली. एक बाई आतून बाहेर आली, तिच्या कडेवर दीक्षाच्याच वयाचा, कडेवर घ्यायला फार मोठा झालेला पोरगा, आणि ती रडत नव्हती, फक्त भिंतीला हात लावत लावत चालत होती. जानरावाने तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या चिठ्ठीकडे. एकदा कागदावर आलं की आलं. मग फळ्यावर नाव नाही, पळणं नाही, ही पोरगी अशीच भिंत धरून. नंतर आणू, निवड झाली की आणू, पंधरा दिवसांनी काय होतं! तो उठला. "चाल," तो म्हणाला, "तुले बूट घेऊन देतो." दीक्षाचा चेहरा! तिने विचारलंसुद्धा नाही इथं आपण कशाला आलो होतो. बाजारात तिने पाच जोड घालून पाहिले, दुकानाच्या फरशीवर पळून दाखवलं. काटे असलेले, निळ्या पट्टीचे. मग दोघांनी कचोरी खाल्ली. संध्याकाळी भीमाबाईला त्याने सांगितलं, "दाखवलं. काही नाही म्हणे डॉक्टर. वयासंगं भरून येते." भीमाबाईने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहून हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी विहारात खीर वाटली. ती खीर त्यानेही खाल्ली. चिठ्ठी त्याने फाडली नाही. फाडली असती तर ती लक्षात राहिली असती. फळीवरच्या पेपरखाली ठेवली, आणि सेक्टरचं क्वार्टर बदललं तेव्हा फळीवरचे पेपर तिथेच राहिले. निवडीत दीक्षा चौथी आली. तिघी घेतल्या होत्या. मग पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या. ती पळतेय, हसतेय, जेवतेय, सर्दी-खोकला सगळ्यांना होतो. भोक असतं तर पोरगी पळाली असती का? हा त्याचा पुरावा होता. दरवर्षी तो पुरावा मोठा होत गेला आणि त्याखाली ती चिठ्ठी पार दिसेनाशी झाली. खरंच दिसेनाशी झाली? नाही. गरम केलेल्या रबराच्या वासाने, किंवा दीक्षाला जोरात जिना चढताना पाहिलं की, ती चिठ्ठी पुन्हा वर यायची.

"बाबा, किती वाजले?" अमरदीपने विचारलं. त्याच्या स्वतःच्या मनगटावर घड्याळ होतं. जानरावाने सांगितलं, साडेअकरा. अमरदीपने मान हलवली आणि हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, गुंडाळला. हा माणूस दोन वर्षं तिला स्कूटरवरून शाळेच्या पायरीपर्यंत सोडतो, संध्याकाळी भाजीची पिशवी तिच्या हातातून काढून घेतो. दमा आहे असं समजून. आणि आपण, ज्याला माहीत होतं, लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर म्हणालो होतो, पोरगी पळायची हो चांगली, पण आळशी निघाली! लोक हसले. तीही हसली. तिचं ते हसणं त्याने आज पहिल्यांदा नीट आठवून पाहिलं.

आळशी. सोळाव्या वर्षी. जानेवारीतली सकाळ, ग्राउंडवर धुकं, सिमेंटच्या बाकावर दव. दोन वर्षांपासून ती मागे पडत होती. तिच्याहून लहान पोरी तिला गाठून पुढे जात. त्या सकाळी चौथ्या राउंडनंतर ती गवतात बसली. तळहात छातीवर. "बाबा, आत काहीतरी फडफडून राहिलं. दोन मिनिटं बसू द्या." त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं. निळसर होते. थंडी आहे, तो स्वतःला म्हणाला. आणि त्याच क्षणी त्याला कानात पांढरे केस असलेला तो म्हातारा दिसला, डोळे मिटून ऐकणारा. मग तो ओरडला. इतक्या जोरात की पलीकडे व्यायाम करणारे दोघे थांबले. "नाटक कावून करून राहिली? उठ! एक राउंड अजून." ती उठली. तो राउंड तिने पूर्ण केला, वळणावर चालल्यासारखी, पण पूर्ण. मग बाकावर बसून बूट काढले, ते तिथंच ठेवले आणि मोजे घालून घरी गेली. रस्ताभर ती पुढे, तो मागे, हातात बूट. त्यानंतर तिने पळण्याचं नाव काढलं नाही, आणि त्याने तिला काही विचारलं नाही. तिने बीएड केलं, नोकरी धरली, रिसालीचं घर बांधलं तेव्हा रंग तिने निवडला. बाप-लेकीचं चांगलं चाललं होतं. असं सगळे म्हणत.

दार उघडलं ते पन्नास मिनिटांनी. डॉक्टरबाईंनी दोघांना शेजारच्या छोट्या खोलीत बसवलं. त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. नीट झालं, त्या म्हणाल्या, त्रास काही झाला नाही, पेशंट फार धीराची आहे. मग कागद पुढे सरकवला. फुफ्फुसातलं सरासरी प्रेशर बासष्ट. असायला हवं विसाच्या आत. गॅस देऊन पाहिला. छप्पनपर्यंत आलं, त्याखाली आलं नाही. जानरावाने ते आकडे वाचले. आयुष्यभर आकडे वाचले होते; हे वाचताना पहिल्यांदा त्याला डोळे मिटावेसे वाटले. "अभी छेद बंद नहीं कर सकते," डॉक्टरबाई हळू बोलत होत्या. दोन प्रकारच्या गोळ्या सुरू करायच्या, रोज, न चुकता. वर्षभराने पुन्हा हीच तपासणी. काहींच्या नळ्या सैल पडतात, मग बंद करण्याचा विचार करता येतो. काहींच्या नाही पडत. जिने टाळायचे, जड उचलायचं नाही. "और बच्चा?" अमरदीपने विचारलं. "नहीं," त्या म्हणाल्या. "माँ की जान जा सकती है. ये मैं घुमा-फिरा के नहीं बोलूँगी." अमरदीप म्हणाला, "ठीक है." पुन्हा म्हणाला, "ठीक है मॅडम." आणि उठून औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर गेला, हेल्मेट खुर्चीवरच विसरून.

जानराव बसून राहिला. जे उत्तर ऐकावं लागू नये म्हणून त्याने सकाळी खोटं सांगितलं होतं, त्याचा प्रश्न आता त्यानेच विचारला. "मॅडम, पहले पता चलता तो? दस साल की थी, तब?" डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा सोपं असतं. ऑपरेशन करून आठ-दहा दिवसांत घरी. नंतर बाकीच्यांसारखंच आयुष्य. त्या हे सहज, कागद गोळा करता करता म्हणाल्या. "पता था," जानराव म्हणाला. त्यांनी वर पाहिलं. "मैंने सुबे झूठ बोला. डॉक्टर ने लिख के दिया था. मैंने नहीं दिखाया. ऊपर से दौड़ाया छह साल." त्याने सगळं सांगितलं, रायपूर, बूट, शेवटचा राउंड. त्याला वाटत होतं आता ह्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. गोळा केलेले कागद त्यांनी पुन्हा टेबलावर ठेवले. "दौड़ने से नहीं हुआ है ये," त्या म्हणाल्या. "इतने साल खुला रहने से हुआ है. वो एक राउंड ना भी दौड़ती, तो भी आज रीडिंग यही आती." आणि जानरावाच्या लक्षात आलं की इतकी वर्षं तो त्या एका सकाळीलाच धरून बसला होता, त्या ओरडण्याबद्दल स्वतःला आत-आत शिक्षा देत होता, जणू तेवढाच गुन्हा. ती सकाळ त्याच्याकडून काढून घेतली गेली. उरले ते साधे, शांत दिवस. हजारो. डबा घेऊन कामाला गेलेले, सणाला पुरणपोळी खाल्लेले. त्यांतल्या कुठल्याही दिवशी तिला नेता आलं असतं. "फाइल में मुझे ये लिखना पड़ेगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "और फाइल वो पढ़ेगी. टीचर है, एक-एक लाइन पढ़ेगी. आप पहले बता दीजिए."

दीक्षाला वॉर्डात आणलं होतं. मांडीवर वाळूची पिशवी ठेवलेली, चार तास पाय सरळ, हलायचं नाही, मानही उचलायची नाही. ती छताकडे पाहत होती. "अमरदीपनं सांगितलं मले," ती म्हणाली. "रडून राहिला होता येडा. मीच म्हटलं, जा, गोळ्या आण आधी." तिचा आवाज कोरडा होता. "तुमी जेवले का?" जानराव स्टुलावर बसला. "दीक्षा, तुले एक सांगाचं आहे." आणि सांगितलं. डॉक्टरबाईंना सांगितलं त्यापेक्षा वाईट सांगितलं, अडखळत, मागचं पुढे करत. बुटांचं आलं तेव्हा तिच्या पापण्या एकदा हलल्या.

"म्हणजे आपण त्या दिवशी," ती म्हणाली, "माझ्यासाठी गेलो होतो तिथं?"

"हो."

"मले वाटे, तुमच्या ऑफिसचं काही काम असन. मी मुलांना सांगते ना शाळेत, मेरे पापा मुझे रायपुर ले गए थे सिर्फ जूते दिलाने. दरवर्षी सांगते." ती थांबली. "आईले माहीत होतं?"

"नाही. तिले मी सांगितलं, दाखवलं म्हणून."

"आई मले म्हणे, तू लहानपणी बी अशीच दमत होती, पण डॉक्टरनं पाहिलं आहे तुले, काही नाही. म्हणून मी बी नाही गेली कुठं. माझं बाळ गेलं ना, तेव्हा बी मी हेच सांगितलं डॉक्टरले. दिल का सब चेक हुआ है बचपन में." ती हे रागाने बोलत नव्हती. एकेक गोष्ट उचलून पाहत होती, ही कुठून आली होती ते. आणि जानरावाला कळलं की त्या गुरुवारचं त्याचं एक वाक्य या घरात चोवीस वर्षं औषधासारखं वापरलं गेलं होतं, आईकडून लेकीकडे, लेकीकडून डॉक्टरांकडे. हे त्याच्या हिशेबात कधीच नव्हतं.

"त्या सकाळी," ती म्हणाली, "ग्राउंडवर. तुमाले भीती नाही वाटली?"

"वाटली. म्हणूनच ओरडलो."

तिने मान वळवायला घेतली, भिंतीकडे, आणि पलीकडून नर्स म्हणाली, "मॅडम, हिलना नहीं है." दीक्षाने मान पुन्हा सरळ केली. तिच्या डोळ्यांतून पाणी निघून कानांकडे गेलं आणि तिला ते पुसताही आलं नाही. तेव्हा जानरावाला दिसलं, आपण काय केलं ते. उठता येत नाही, कूस बदलता येत नाही, तोंडही फिरवता येत नाही, अशी वेळ पाहून आपण तिला सांगितलं. फाइलच्या आधी सांगायचं होतं हे खरं. पण चार तास थांबता आलं असतं. आत्ताही आपल्याच छातीवरचं आधी उतरवलं. तो रुमाल काढून पुढे झाला, आणि मध्येच थांबला. "मी बाहेर थांबू?" त्याने विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. तो दारापर्यंत गेला तेव्हा तिने हाक न मारताच पुढचं सांगितलं, छताकडे पाहून. "अमरदीपले तुमी नका सांगू. मी सांगन. आणि मी फोन केल्याशिवाय येऊ नका."

सतरा दिवस फोन आला नाही. जानराव रिसालीच्या घरात एकटा होता. सकाळी उठून तो ओटा पुसायचा, पेपर वाचायचा, जेवण दोनदा गरम करून तसंच ठेवायचा. शेजारचा बाबुलाल, त्याच्याच डिपार्टमेंटमधला, विचारायचा, पोरीचं कसं काय? तो म्हणायचा, गोळ्या चालू आहेत. दोनदा स्कूटर काढून दीक्षाच्या घराकडच्या, वैशाली नगरच्या वळणापर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्यांदा गेला नाही. तिने नको म्हटलं होतं, आणि तिचं एक तरी म्हणणं पाळलं पाहिजे असं त्याला वाटलं. भीमाबाईच्या फोटोसमोर उभं राहून बोलून पाहिलं. शब्द निघाले, पण ऐकणारं कोणी नव्हतं, आणि ती गेल्यावर हे बोलणं किती सोपं आहे हे जाणवून तो फोटोसमोरून हटला. अठराव्या दिवशी अमरदीपचा फोन आला. आवाज वेगळा होता, मोजका. त्याला कळलं होतं. "बाबा, आमी खालच्या मजल्यावर शिफ्ट होऊन राहिलो. मकान मिळालं, दोन गल्ल्या सोडून. रविवारी सामान आहे. दीक्षा म्हणते, तुमाले जमत असन तर या."

रविवारी तो गेला. दीक्षाच्या जुन्या घराच्या जिन्याला तेहेतीस पायऱ्या होत्या. तो आजवर कितीदा चढला असेल, मोजल्या आज. अमरदीप, त्याचे यार्डातले दोन सोबती आणि जानराव यांनी पलंग उतरवला, लोखंडी कपाट आडवं करून उतरवलं, भांडी, गाद्या, पुस्तकांची खोकी. नव्या घरात दीक्षा समोरच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होती. गोळ्यांनी तिचा चेहरा लालसर झाला होता, डोकं दुखतं म्हणून कपाळाला रुमाल बांधलेला. ती सगळ्यांना जागा सांगत होती. कपाट तिकडच्या भिंतीला. नाही भैया, खिडकी छोड़ के. जानरावालाही तिने त्याच आवाजात सांगितलं, जसं त्या दोघांना. बाबा म्हणाली नाही. त्याच्याकडे पाहत होती, पण माणसाकडे पाहतो तसं. बापाकडे पाहत होती की नाही ते त्याला ठरवता आलं नाही. दुपारी बारा वाजता बाकीचे भजी खायला बाहेर थांबले, आणि जानराव एक खोकं उचलून आत आला.

"हे कुठी ठेवू?"

"त्या कोपऱ्यात."

त्याने ठेवलं. तिने पाहिलं. "नाही, तिथं ओल येईन. इकडं ठेवा." त्याने उचलून इकडे ठेवलं. खोकं जड होतं, वह्या असाव्यात. ती विचार करत राहिली, ओठ मुडपून. असे ओठ भीमाबाई मुडपायची. "नाही. वर ठेवा, कपाटावर." त्याने स्टूल घेतलं, खोकं छातीशी धरून चढला, वर सरकवलं. खाली उतरून उभा राहिला, हात झटकले नाहीत. पुन्हा सांगितलं असतं तर त्याने पुन्हा उतरवलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत असंच चाललं असतं तरी त्याला चाललं असतं. पण दीक्षा म्हणाली, "राहू द्या." बाहेर अमरदीपचा सोबती मोठ्याने कशावर तरी हसला. तिने डोक्याचा रुमाल सोडला, घडी घातली, मांडीवर ठेवला.

"किचनचं राहिलं आहे सगळं," ती म्हणाली. "आज नाही होत मले. पुढच्या रविवारी या. नऊ वाजता या, ऊन व्हायच्या आधी."

"येतो," जानराव म्हणाला.

तो बाहेर आला, चपला घातल्या. त्यात माफीचं काही नव्हतं हे त्याला कळत होतं, आणि त्याने ते तसं समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. नऊ वाजता यायचं होतं.